उखाभाऊंचं पडीक शेत

शेतकऱ्याचा हात मोठा द्वाड. तण दिसलं की गप्प बसेल तर शपथ! साक्रीकडच्या उखाभाऊंची हयात सुरतेत कापडाच्या लूमवर गेली, पण हाताची सवय काही गेली नाही. म्हातारपणी त्यांना सुरतेबाहेर कोसाडच्या पुढे एका शेठच्या जमिनीवर राखणीचं काम लागलं. शेठला तिथं जंगल आपोआप परत यायला हवं होतं. कुंपण सांभाळा, बाकी कशाला हात लावू नका, असं त्यानं बजावलं होतं. आता हे कुठल्या शेतकऱ्याला पटावं?

अर्धी जमीन जुन्या उसाची. तिथं नुसतं गवत. झाडांची मुळं नांगरानं केव्हाच उपटलेली. उरलेलं गायरान. तिथं गुरांनी तोंड न लावलेल्या बोरी-बाभळींची जाळी माजली होती. उखाभाऊंना ती बघवेना. आठवडाभर कोयता चालवून त्यांनी ती साफ केली आणि घरी उषाबाईला, आपल्या बायकोला, ऐटीत सांगितलं. मग कुंपण फोडून शेळ्या शिरल्या आणि काट्यांच्या आडोशानं वाढलेली निंबाची, करंजाची रोपं फस्त करून गेल्या. एका कोपऱ्यातली जाळी तोडायची राहिली होती. पावसाळ्यानंतर तिच्यात निंब कमरेएवढा झाला, बाकी सगळं बोडकं. शेठ रागावला नाही, त्याचंच उखाभाऊंना जास्त लागलं.

गावाकडे त्यांचं स्वतःचं शेतही पडीक होतं. उखाचं वावर बोरींनी गिळलं, हे भावकीचं बोलणं त्यांना सुरतेत बसून झोंबायचं. म्हणून यंदा आखाजीला, म्हणजे शेतीचं वर्ष सुरू होतं त्या सणाला, सगळं नांगरून टाकायचं असं त्यांनी धाकट्या भावाला, रघुनाथला, सांगून ठेवलं होतं.

बांधावर ट्रॅक्टर उभा करून रघुनाथनं फोन लावला. नाल्याकडच्या तुकड्यात बोरी फार दाटल्यात, आत पळस-अंजनाची रोपं उठलीत, तेही नांगरू ना, म्हणून त्यानं विचारलं. तो तुकडा उखाभाऊंच्या बापानं दगड वेचून वेचून पिकाखाली आणला होता. त्यांना लाज वाटली, खरोखरच वाटली. पण शेठच्या कोपऱ्यातल्या जाळीतला तो निंबही आठवला.

"वरलं नांगर," ते म्हणाले. "नाल्याकडलं राहू दे."

"लोके काय म्हनतीन, भाऊ?"

"उखाना वावरमा जंगल माजनं म्हनतीन. म्हनू दे."

फोन ठेवल्यावर उषाबाईनं विचारलं, झालं का नांगरून? अर्धं, असं त्यांनी सांगितलं. बापाचा तो तुकडा आता आपल्या हयातीत पिकणार नाही, आणि हे आपण आपल्याच तोंडानं ठरवलं.