उलटे टांगलेले कागद

फोन आला तेव्हा मी कागलच्या एमआयडीसीत माल रवाना करण्याच्या गडबडीत होते. "अक्का, हे गेले..." भावजय एवढंच म्हणाली. नंदू, माझा धाकटा भाऊ, डायलिसिस चालू असतानाच गेला. मी उभ्या ट्रकच्या कागदांवर सह्या केल्या, ट्रक सोडला आणि मग खाली बसले.

नंदू संगणकासाठी मराठी फॉन्ट तयार करायचा. कोल्हापुरात हे काम सांगून कुणाला कळायचं नाही. "म्हंजे बोर्ड रंगवतोस व्हय?" असं पावणं विचारायचे. "व्हय, पर एकदाच. मग तीच अक्षरं समदी वापरत्यात," हा म्हणायचा. आमच्या आईवडिलांच्या लग्नपत्रिकेतली अक्षरं त्याला लहानपणापासून आवडायची... जाड उभ्या रेघा, भरलेली पोटं. त्याच वळणाचा नवा फॉन्ट करायचा त्याने ध्यास घेतला. तशा जुन्या पत्रिका जमवल्या आणि एकेक अक्षर काढून, मोठं छापून, खोलीच्या भिंतीवर उलटं टांगायला लागला. उलटं असलं की माणूस वाचत नाही, नुसता आकार बघतो, असं त्याचं म्हणणं. अक्षर पटलं की कागद सरळ व्हायचा. सगळी भिंत सरळ झाली तेव्हा त्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, तरी मी पेढे नेले.

पुढे शिरोळच्या एका बंद छापखान्याच्या मालकांनी पुरातून वाचलेले शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, त्याला दिले. अक्षरं तीच, पत्रिकेतलीच. नंदूने एक खिळा भिंगाखाली धरला आणि पत्रिका शेजारी ओढली. खिळ्यावरचं अक्षर चांगलंच सडपातळ होतं. पत्रिकेतला जाडपणा अक्षराचा नव्हताच. हलक्या कागदावर शाई पसरली होती, एवढंच.

"लोकांनी जाडच बघितल्यात की," मी म्हटलं. "हाय तसं देऊन टाक."

"अक्का, मी शाईचे डाग गिरवत बसलो व्हतो गं."

"तुझ्याकडं येळ किती हाय, ते बघ आधी."

"तेच बघतोय न्हवं..."

त्याने सगळे कागद परत उलटे केले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जेवढं बसवेल तेवढं बसायचा. हात सुजलेला, माउस धरवत नसे. थोडीच अक्षरं सरळ झाली. "पहिलं काम कुणाला देऊ नगंस," हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर नंदूला फॉन्टची कामं देणाऱ्या कंपनीतून फोन आला. पहिला फॉन्ट पूर्ण आहे, तोच काढू, खाली त्याचं नाव घालू, म्हणाले. भावजयीची फार इच्छा होती. "नाव तरी राहील त्यांचं, अक्का." मी नको म्हटलं. तिने ऐकलं, पण तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

परवा मी त्याची खोली झाडायला गेले. तिने किल्ली दिली, चहाचं विचारलं नाही. वाऱ्याने भिंतीवरचा एक कागद खाली पडला होता. मी पिन शोधली, कागद त्याच्या जागी धरला... आणि होता तसाच उलटा लावला.