ताडपत्रीखालची गोणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुम्ही माझ्या रोजच्या उठबशीतले नाही — म्हणून जमतंय की काय, कोण जाणे.

आमचं घर पासलीत. मारुती भावजी वर धनगरवाड्यावर राहतात, यांचे लहानपणापासूनचे मित्र. पावसाळ्यात वरची वाट म्हणजे नुसता चिखल आणि शेवाळ. माणूस काठी टेकत चढतो, तिथं मोटारसायकल कुठली चढायला? म्हणून पेरण्या सुरू झाल्या की भावजी गाडी आमच्या पडवीत आणून लावायचे, ती दसऱ्यालाच बाहेर काढायचे. आणि कौतुक किती! टाकी गच्च भरायची, म्हणजे आतून गंजत नाही. चाकांखाली फळ्या, साखळीला तेल, वरून ताडपत्री. आठवड्यातून एकदा यांनी किक मारायची. मला मात्र दरवर्षी एकच सांगणं, "वैनी, तेवढी खताची गोणी गाडीपासून लांब ठिवा. युरिया लोखंड खातो."

खातो. मला माहीत होतं. आमच्या गोठ्याचा पत्रा तसाच गेला होता.

त्या वैशाखात सारोळ्याची माणसं माझ्या सुनंदाला बघायला आली. चांगलं घर, मुलगा निर्व्यसनी. सुनंदाला शाळेत असताना दोनदा फिट आली होती. भोरच्या डॉक्टरांचं औषध सुरू होतं, तीन वर्षांत पुन्हा काही नाही. मग सांगायचं कशाला? मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली होती — बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. तर पोह्यांच्या बश्या हातात असताना भावजी, ज्यांना आम्ही घरचे म्हणून बैठकीला बसवलं होतं, ते म्हणाले, "पोरीला दोनदा फिट आली व्हती. औषध चालू हाये. आदीच ठावं असल्यालं बरं."

बश्या खाली ठेवल्या गेल्या. अर्ध्या भरलेल्या. त्या मी रागारागानं घासल्या. ज्याला भाऊ मानलं त्यानं माझ्या दारात बसून माझ्या लेकीचं वाटोळं केलं? यांनी आठ दिवसांत सोडून दिलं. मी नाही. मी तसली बाईच नाही. माझ्या पोटात गेलेलं विरघळत नाही.

जूनमध्ये भावजी गाडी घेऊन आले, जरा खाली मान घालून. मी चहा दिला. मी हसले सुद्धा. "ठेवा की, तुमचीच पडवी आहे," मीच म्हणाले.

आणि पहिल्या आठवड्यात युरियाची फुटकी गोणी ओढत नेऊन गाडीला टेकवली, ताडपत्रीच्या आत. नुसती टेकवली नाही — सांगायला बसलेच आहे तर सगळं सांगते. मूठमूठ खत हँडलवर टाकलं, जिथं ब्रेकची तार आत शिरते तिथं चोळलं. हवा दमट, खताला पाणी सुटायचं. यांच्या किकेच्या दिवशी मी आधीच गोणी बाजूला ओढायची, हँडल पुसायची; यांनी पाठ वळवली की पुन्हा सगळं तसंच करायची आणि मधेमधे ताडपत्री उचलून बघायची. भातलावणीनं कंबर मोडलेली असायची, पण ते बघितलं की बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. गाडी सडावी, भावजींनी दसऱ्याला कपाळावर हात मारावा, एवढंच डोक्यात होतं का? की ब्रेकला हात लावताना त्याहून जास्त काही होतं? मी त्या प्रश्नाच्या फार जवळ जात नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी गोणी हलवली, गाडी पुसली. भावजींनी गाडीला झेंडूचा हार घातला, यांना नि मला आपट्याचं पान दिलं. दुसऱ्याच दिवशी उतारावर पुढच्या ब्रेकची तार तुटली. गाडी दगडी बांधावर गेली आणि भावजींचा उजवा पाय गुडघ्यातून चिरडला.

निरोप आला तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं? — बसा आता घरात. हेच आलं. मी खोटं बोलणार नाही.

दवाखान्यात डबा घेऊन गेलो. भावजी यांना म्हणाले, "माजीच चूक. तार तपासाया पायजे व्हती." परत येताना एसटीत सुनंदा खिडकीकडं तोंड करून रडत होती. मग म्हणाली, "आई, काकांनी आपल्या मनानं न्हाई सांगितलं. म्याच त्यांच्या पाया पडले व्हते. लपवून नांदायचं मला भ्या वाटत व्हतं. तू शपथ घातलेलीस, मग म्या कुणाच्या तोंडून बोलणार?"

आणि त्या माणसानं पाच महिने माझा राग सोसला, पोरीचं नाव घेतलं नाही. त्याचाही मला राग आला. अजून येतो. एक शब्द बोलला असता तर?

धनगरवाड्यावरच्या त्यांच्या म्हशी विकाव्या लागल्या. त्या पायानं डोंगरात गुरांमागं फिरणं होईना. गाडी दुरुस्त झाली, पण त्यांना चालवता येत नाही. ती आता बारा महिने माझ्या पडवीत असते. तेल मी घालते, किक मी मारते, टाकी मी बघते. खताच्या गोण्या गोठ्याच्या पल्याड. सुनंदाला वाटतं, आई काकांसाठी किती करते.

यंदाच्या दसऱ्याला भावजी काठी टेकत खाली आले, अर्धा दिवस लागला त्यांना. हार घातला, हँडलवरून हात फिरवला. हे म्हणाले, "विकून टाक की आता." भावजी म्हणाले, "वैनींनी एवढी जपलीया, इकू कशी?"

मग त्यांनी माझ्यापुढं आपट्याचं पान धरलं. "सोनं घ्या, वैनी."

मी घेतलं.