दाजींची घाटातली झोप

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत झाला नाही, आणि तेवढा निर्भयही झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सांगलीत मनोरुग्णांचे डॉक्टर. ताई स्टोव्हला पंप मारू लागली की ते अंगणात जाऊन उभे राहत. एसटी घाटाशी आली की खाली उतरून छत्री टेकत चालू लागत. कंडक्टर लोकांनी त्यांचा नाद सोडला होता. हाच माणूस दवाखान्यात, ज्या खोलीतल्या रोग्याला इतर डॉक्टर दाराआडूनच प्रश्न विचारत, तिथं सरळ आत जाऊन खाटेवर बसे आणि पानाचा डबा पुढं करी. इतरांच्या तोंडी ‘केस’ असे, दाजींच्या तोंडी ‘पाव्हणं’. पाव्हणा एक दिवस घरी जातो, केस कुठं जाते, असं ते विचारत.

असेच एक पाव्हणं उंब्रजचे सर्जेराव. मिलिटरीत ट्रक चालवायचे, चीनच्या लढाईवरून आले ते मुके होऊन. दाजींकडे बोलते झाले, खडखडीत बरे झाले. कोयनानगरला धरणाच्या कामावर ड्रायव्हरची जागा निघाली. पण कुठून बरा होऊन आलाय हे कळताच तिथले साहेब बिचकले. चाचणीसाठी कराडला जीप पाठवली खरी, तिच्यात सर्जेरावांशेजारी बसायला मात्र कोणी धजेना. दाजींचे तरुण सहकारी म्हणाले, साहेबांनी मागितलेली लेखी हमी देऊ नका, उद्या काही झालं तर अंगाशी येईल.

“लिहून कशाला देऊ?” दाजी म्हणाले. “मी बसूनच जातो.”

मी मागं बसलो. घाट लागला तशी दाजींनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि रामरक्षा सुरू केली. सर्जेराव समोर बघतच म्हणाले, “सायेब, डोळं मिटून बसा. रस्त्याचं मी बगतो.”

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, दांडा सोडला, आणि दोन वळणं होतात तोवर घोरू लागले. धरणाच्या वसाहतीत जीप थांबली तेव्हा साहेब चार माणसं घेऊन उभे होते. एसटी सोडून घाट पायी चालणारे हे डॉक्टर त्यांना ऐकून चांगले ठाऊक होते. साहेबांनी तोंड उघडताच सर्जेराव हळूच म्हणाले, “जरा दमानं बोला. डाक्टर झोपल्यात.”

साहेब तिथंच हसले आणि उद्यापासून कामावर या म्हणाले. मला तर हलगी लावून वरात काढावीशी वाटली.

खरंच झोप लागली होती का, असं मी पुढं दाजींना विचारलं. “पाव्हणं घरी निघाले होते,” ते म्हणाले. “मी जागून काय करणार?”

दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. घाटात एसटी वळायला लागली की मी अजून घोरणं ऐकू येतंय का बघतो. सगळे आपापला दांडा धरून जागे असतात.