अक्का कुठे?

माझ्या शंभूला बोल दिला तो सुमित्राअक्कांनी. त्यांचं नाव आधी लिहिते, काय झालं ते मागून. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूत, यशवंतपूरच्या आमच्या खोलीत भाकरी थापत होते. फोनवर त्यांच्यासोबत काम करणारा निखिल होता. "छायाताई, अक्का गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत," असं तो सांगत होता, आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागून अक्का म्हणाल्या, "आई, भाकरी." मी वळून पाहिलं. शंभू टॅब मांडीवर घेऊन बसला होता. भाकरीच्या चित्रावर त्याचं बोट होतं. फोनवर निखिल रडत होता, आणि त्या मात्र खोलीत भाकरी मागत होत्या...

आम्ही बार्शीकडचे. नवरा कांद्याच्या गाड्यांबरोबर इथल्या बाजारात आला आणि इथंच राहिला. माझी शाळा आठवीत सुटलेली. कन्नड येत नव्हतं, हिंदी अडखळत. शंभू पाच वर्षांचा झाला तरी बोलेना. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. आता कुणाला काय विचारायचं, तेही मला कळेना. ज्या केंद्रात त्याला न्यायची, तिथं अक्का अशा मुलांसाठी बोलायचं सॉफ्टवेअर बनवत. टॅबवर चित्रं, चित्र दाबलं की शब्द. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, मराठी कन्नडात मुरलेलं. पहिल्याच दिवशी मला दारातच अडलेली बघून म्हणाल्या, "घाबरू नको गं. स्वल्प वेळ लागतो, पण येतं." मराठी शब्द तेव्हा यंत्राच्या आवाजात होते. तो आवाज आला की शंभू कान झाकायचा आणि टॅब पालथा घालायचा. कित्येक दिवस त्यानं टॅबला हातच लावला नाही. शेवटी अक्कांनी स्वतःच्या आवाजात शब्द भरले. आवाज घुमू नये म्हणून त्या साड्यांच्या कपाटात तोंड घालून बसत. "आता माझ्या कांजीवरमलासुद्धा बार्शीची मराठी येते बघ," असं म्हणून हसायच्या.

त्यांचे काही नियम होते. चित्राची जागा हलवायची नाही, बोटाला ती पाठ असते. मूल ज्या शब्दाला अडेल तोच शब्द नवा भरायचा. आणि मोठ्यांनीही त्याच्याशी चित्रं दाबूनच बोलायचं. "आपण तोंडानं बोलायचं आणि त्यानं एकट्यानं बोटानं, हे काही सरी नाही, बरोबर नाही," म्हणायच्या. प्रत्येक शब्दाआधी त्यांचा एक बारीक श्वास ऐकू यायचा. निखिलला तो कापून टाकायचा होता. अक्का म्हणाल्या, राहू दे, शब्द येतोय हे लेकराला कळतं. त्या गेल्यावर मला तो श्वासच आधी ऐकू येऊ लागला. शंभू शेजारच्या खोलीत असला तरी अंगावर काटा यायचा. कुणीतरी बोलायच्या तयारीत उभं आहे असं वाटायचं.

केंद्रात अक्का दिसेनात, तेव्हा शंभूनं विचारलं. आधी टॅबवरचा त्यांचा फोटो दाबला, मग प्रश्नाचं चित्र. अक्कांच्याच आवाजात टॅब म्हणाला, "अक्का... कुठे?"

उत्तर मला टॅबवरच द्यायचं होतं, पण तसा शब्दच तिथं नव्हता. मी 'संपलं' दाबलं. तो कापडी पिशवी घेऊन आला, कारण आमच्याकडे पीठ संपलं की दुकानात जातात. दुसऱ्या दिवशी 'गेली' दाबलं. रोज सकाळी बाबा 'गेले' की संध्याकाळी परत येतात, म्हणून तो दारात बसून राहिला. जेवायलाही उठेना. आणि अक्का विचारतच राहिल्या, अक्का कुठे...

मी निखिलकडे गेले. तो पुण्याचा, मनानं फार भला. म्हणाला, "ताई, अक्कांचं रेकॉर्डिंग भरपूर आहे. हवा तो शब्द त्यांच्या आवाजात तयार करता येईल. शंभूला नवा आवाज चालत नाही, तुम्हाला माहितीये. उगाच रिस्क नको." त्यानं काहीतरी केलं आणि स्पीकर लावला. आधी श्वास आला. मग अक्का म्हणाल्या, "वारल्या." हुबेहूब. अक्कांनी हा श्वास कधी घेतलाच नव्हता. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"पुसून टाक," मी म्हटलं.

"ताई, पण त्यानं परत टॅबच सोडला तर?"

तीच तर माझी भीती होती. पण स्वतःच्या मरणाची खबर अक्कांच्या तोंडून द्यायची... माझ्यानं होईना. "माझ्या आवाजात भर," म्हटलं. निखिलनं मागचं पुसलं आणि माईक पुढे सरकवला. मी म्हणाले, "वारल्या." आवाज कापला. निखिल म्हणाला, राहू दे तसाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंभूला घेऊन बनशंकरीला अक्कांच्या घरी गेले. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, एकटेच होते. आम्हाला बसवून ते आत चहा ठेवायला गेले. शंभूनं पाण्याचं चित्र दाबलं. "पाणी दे," टॅब म्हणाला. आतून आवाज आला, "आणतो गं सुमी." मग भांड्यांचा आवाज एकदम थांबला. पाण्याचा तांब्या घेऊन ते बाहेर आले, टॅबकडे बघत राहिले, आणि तांब्या शंभूपुढे ठेवला.

भिंतीवर अक्कांचा हार घातलेला फोटो होता. शंभू स्टुलावर चढला आणि फोटोवर बोट दाबून वाट पाहू लागला. मी खाली ओढायला गेले, तर अण्णा म्हणाले, "थांब. करू दे त्याला." त्यानं पुन्हा दाबलं, अंगठ्यानं, मग सगळ्या पंजानं. काच नुसती करकरली. आजवर त्यानं दाबलेलं कुठलंच चित्र गप्प राहिलं नव्हतं. तो वळून माझ्याकडे पाहू लागला. मी टॅब पुढे धरला आणि दाबलं, अक्का, वारल्या.

माझा आवाज ऐकताच त्याचे हात कानांकडे गेले. मी श्वास रोखून धरला. हात कानांपर्यंत पोचले आणि थांबले. त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं, हळूच एक बोट खाली आणलं आणि स्वतः दाबलं, "अक्का," मग "वारल्या." फोटोकडे पाहिलं. स्टुलावरून उतरला आणि पाणी प्यायला.

आता रोज दुपारी एकदा तो टॅब घेऊन खिडकीशी बसतो. अक्का विचारतात, "अक्का कुठे?" मी भाकरी करत असते आणि खिडकीकडून माझाच आवाज त्यांना उत्तर देतो, "वारल्या." मला अजून काटा येतो, पण मी तिथून उठत नाही. केंद्रात परभणीची एक मुलगी आली आहे, तिलाही अजून बोल नाही. निखिल म्हणाला, तिच्या शब्दांना आवाज हवा. मी हो म्हटलंय. अक्का, तुमचं ऋण एकदम फिटायचं नाही माझ्याकडून. पण ती ज्या शब्दाला अडेल तो मी भरीन, आणि आधी श्वास घेईन. असंच फेडीन कधीतरी.