योसेफाची कोठारं आणि बाबांचा डबा

मंगळवारी दुपारी आई न सांगता यवतमाळला आमच्या दारात येऊन उभी राहिली... आणि माझी चांगलीच जिरली.

पण आधी रविवारचं सांगते. आमच्या चर्चच्या महिला मंडळात मला बचतीवर बोलायला सांगितलं होतं. मी काय, एका पायावर तयार! बचत म्हणजे आमच्या घरचाच विषय.

मी बायबलमधली योसेफाची गोष्ट घेतली. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने मिसर देशात कोठारं भरून ठेवली, म्हणून दुष्काळात लोक तगले. तिथून ओघाने आमच्या बाबांवर आले.

बाबा राळेगावला मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. पगार झाला की आधी चर्चला द्यायच्या दशांशाचं, म्हणजे दहाव्या हिश्शाचं, पाकीट वेगळं निघायचं. मग दूध पावडरच्या एका जुन्या डब्यात थोडे पैसे जायचे आणि उरेल त्यात आई घर चालवायची. डब्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून चिठ्ठी चिकटवली होती... ‘कठीण दिवसांसाठी’.

आम्ही काही मागितलं की उत्तर ठरलेलं असायचं, "हा काई कठीण दिवस नाई." शाळेची सहल असो की नाताळचा नवा फ्रॉक... एकही दिवस बाबांच्या परीक्षेत कधी पास झाला नाही.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या आजारपणात दवाखान्याने जुना माणूस म्हणून सांभाळून घेतलं, आणि बाबांनी डब्याला हात लावू दिला नाही तो नाहीच. सभेत हे सांगताना मला केवढा अभिमान वाटत होता! बायकांनीही माना डोलावल्या. घरी आल्यावर मी ते सगळं भाषण आईला फोनवर पुन्हा ऐकवलं.

तर मंगळवार. ऑफिसला सुट्टी होती, मी घरीच होते. चार-साडेचारला दारात एक पांढरी गाडी थांबली आणि आतून आई उतरली. स्टँडपासून घरापर्यंत ऑटो करायचा तर जिच्या जिवावर येतं, ती बाई राळेगावहून स्पेशल गाडी करून आलेली... मी धावतच बाहेर गेले.

"काय झालं वं आई? बरं नाई का?"

"बरी आहो. करमेना, म्हनून आली."

गाडीचे पैसे कुठून दिले विचारलं, तर म्हणाली, डब्यातले.

झालं, मी भडकले. एसटीचं अर्धं तिकीट असताना गाडी कशाला, बाबांनी जन्मभर जपलेले पैसे असे उडवायचे का, तोंडाला येईल ते बोलले. आता लिहिताना लाज वाटते आहे.

आई सावकाश पाणी प्यायली. मग म्हणाली, "काल सांजेले प्रार्थनेले बसली. प्रार्थना झाली अन् मी तशीच थांबून राह्यली वं... आमेन म्हनाले घरात कोनी नाई. आज सांज व्हायच्या आत मले तुह्यापाशी याचं होतं. यष्टीची वाट पाहाले जीव थांबेना."

आमच्याकडे प्रार्थना आईच करायची. आमेन मात्र बाबांचं, तेही इतकं मोठ्याने की शेजारच्यांना कळावं यांची प्रार्थना संपली. दीड वर्ष ती रोज एकटी बसत होती आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन महिन्यांत मी राळेगावला फिरकले नव्हते... व्हिडिओ कॉल आहे की, पेट्रोल कशाला जाळायचं!

तरी माझा हेका सुटेना. म्हटलं, बाबांनी नसता उघडला डबा.

"नाईच उघडला," आई म्हणाली. "म्हनून त त्यायची बहिणीची भेट राहून गेली."

श्रीरामपूरची आत्या, बाबांची एकुलती एक बहीण. दर नाताळला दोघांचा फोन व्हायचा आणि दर नाताळला ‘पुढच्या वर्षी नक्की’ ठरायचं. फोन ठेवला की बाबा बराच वेळ अंगणात जाऊन उभे राहायचे. तिकिटापुरते पैसे डब्यात होते... पण बहिणीची आठवण येणं हा काही कठीण दिवस नव्हता ना.

"तू त्या दिवशी योसेफानं कोठारं भरल्याचंच सांगतलं," आई पुढे म्हणाली. "मंग उघडले नाई का त्यानं? उघडले म्हनून त त्याचे भाऊ आले, म्हातारा बाप त्याले पाहाले भेटला."

मी ही गोष्ट लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आले, आता मुलांना शिकवते. धान्य, हिशोब, शहाणपण, सगळं सांगते. त्या धान्यापायी, भावांनीच विकल्यामुळे दुरावलेल्या माणसाला त्याचं घर परत मिळालं, हे मला कधी दिसलंच नाही. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले... बाबा हवे होते, फार हवे होते. डबा उघडायचाही असतो, हे त्यांना कुणीतरी वेळेत सांगायला हवं होतं.

बचत मी पुढेही करणार, मुलांनाही शिकवणार. त्यात चूक काही नाही.

पण काल मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. पुढच्या आठवड्यात आई आणि मी श्रीरामपूरला निघतो आहोत, सगळा खर्च डब्यातून. आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे, अंथरुणातून फारशी उठत नाही. आम्ही येतोय म्हटल्यावर फोनवर तिने दोनदा विचारलं, नक्की ना?

प्रभू, आम्हाला उशीर झाला आहे, कळतं. आम्ही पोहोचेपर्यंत तिला तेवढं सांभाळ...