मंगळवारवाली

गाडी आली नाही, हे सांगायला स्वतःहून फोन करणारी एकच बाई मला भेटली. दर मंगळवारी, अकरा वाजता. "काका, आजबी काही सांगण्यासारखं न्हाई. तरी फोन केला." बाकी सगळं शोरूम, मॅनेजरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत, 'आलीच समजा' म्हणायचं. त्यांच्या 'समजा'वर आम्ही सात महिने काढले.

तिनं नाव सांगितलं होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. माझी बायको हिरा तिला मंगळवारवाली म्हणायची. नायगावची होती, रोज बसनं नांदेडला यायची. गाडीसाठी थांबलेल्या लोकांना फोन करायचे, एवढंच तिचं काम. म्हणजे मॅनेजरनं खोटं बोलायचं आणि शिव्या हिनं खायच्या.

गाडी का पाहिजे होती, ते सांगतो. मी चौतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली, नांदेड-लातूर. आणि माझ्याच बायकोला डिझेलचा वास चालत नव्हता. ड्युटीवरून आलो की दारातच अडवायची. "आधी इंजिन धुवून या, मग ताट वाढते." तिची धाकटी बहीण लातूरला. बसमध्ये बसली की लोहा गाव यायच्या आत हिराच्या हातात पिशवी. ओकून ओकून अर्धी होऊन उतरायची. शेवटी जायचंच सोडलं. पुढं बहिणीचे गुडघे गेले, तिचं येणं बंद झालं. चार वर्षं दोघी नुसत्या फोनवर. मग लेकीनं सांगितलं, बॅटरीच्या गाडीला वास नसतो. हिराला खरं वाटेना. शोरूममधल्या नमुन्याच्या गाडीत ती दार लावून दहा मिनिटं बसली, नाक वर करून. बाहेर आली आणि म्हणाली, "हिच्यात मी बेंगलोरलाबी जाईन." बुकिंग तिच्याच नावावर केलं.

मंगळवारवालीकडं एक वही होती. इतर लोक फॉर्मवर गाडीचा रंग लिहून घेतात, ही वहीत गाडी कशासाठी पाहिजे ते लिहायची. आमच्या नावापुढं लिहिलं होतं : काकूंना वास नको, लातूरची बहीण, नारळ नको. आम्ही बौद्ध माणसं. गाडीपुढं नारळ फोडायचा नाही, गाडी आधी विहारात न्यायची, हे हिरानं तिला सांगून ठेवलं होतं. शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये असल्या गोष्टींना जागा नव्हती.

मी तिला लई बोललो. सगळ्यांचा राग तिच्यावरच काढला, कारण फोन उचलणारी ती एकटीच. ती मधे तोंड घालत नव्हती. मी दमलो की विचारायची, "झालं का काका बोलून? आता काकूंना द्या." मग दोघींचं अर्धा तास चालायचं. तारीख विचारली की म्हणायची, "माहीत न्हाई, हेबी उत्तरच हाय की काका. गाडी आपल्या आवारात माझ्या डोळ्यांनी बघीन, तवाच तारीख सांगीन." कंपनीचे मेसेज येत ते वेगळेच. 'आपली स्वप्नपूर्ती केवळ काही पावलांवर.' कुणाची पावलं, रे? सात महिने कुठं चालून राहिली होती?

एका मंगळवारी तिनं तारीख सांगितली. "काका, गुरुवारी गाडी मिळंल." एवढंच बोलली आणि फोन ठेवला. हिराला द्या म्हणाली नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं नाही. आनंदात माणूस बहिरा होतो.

बुधवारी शेजारचे जीप घेऊन लातूरला निघाले होते. "चला काकू, बहिणीला भेटून या," म्हणाले. हिरा हसली. "उद्या आमची गाडी येऊन राहिली. मी आता ओकत कशाला येऊ?" जीप गेली. मीबी म्हणालो नाही, जा म्हणून.

गुरुवारी ती सकाळीच पांढरी साडी नेसून ओट्यावर बसली. विहारात लावायच्या मेणबत्त्या पिशवीत, बहिणीसाठी करडईचं तेल बाटलीत. मी शोरूमला फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं. ऊन उतरलं तरी ती तिथंच. शेवटी म्हणाली, "अवो, ती पोरगी खोटं बोलणारी न्हाई. काहीतरी झालं असंल."

शुक्रवारी फोन आला, तिच्या स्वतःच्या नंबरवरून. "काका, गुरुवार खोटा होता. लोक बुकिंग मोडून राहिलेत म्हणून साहेबांनी सगळ्यांना गुरुवार सांगायला लावलं. गाडी कारखान्यातून निघालीच न्हाई. पण बोलले ते मीच." मी तिला असं बोललो, की ते इथं लिहिता येत नाही. तिनं ऐकून घेतलं. हिरानं माझ्या हातातून फोन ओढला आणि विचारलं, "पोरी, हे सांगितलंस म्हणून तुला ठेवतील का तिथं?"

नाही ठेवलं. पुढच्या मंगळवारी अकरा वाजले, फोन वाजला नाही. हिरा घड्याळाकडं बघत बसली. त्या शनिवारी सकाळी चहा ठेवता ठेवता ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बहीण लातूरहून आली, दोघांच्या खांद्यावर हात टाकून. चार वर्षांनी भेट झाली ती अशी.

आणि कंपनी? कंपनी तिला मेसेज करत राहिली. 'अभिनंदन हिराबाई! प्रतीक्षा संपली!' एक साहेब फोनवर म्हणाला, "ओटीपी मॅडमच्या मोबाईलवर आलाय, मॅडमना द्या." मी म्हणालो, "मॅडमला जाळून आलो." तर म्हणतो, "ओके सर, मग नाव बदलायचा फॉर्म भरावा लागेल."

गाडी घ्यायला गेलो तर गाडीवर हार, टेबलावर केक आणि चाकापुढं नारळ. फोटोवाला म्हणतो, "आजोबा, जरा हसा." मी नारळ उचलून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "लिहून घेतलं होतं ना, नारळ नको म्हणून?" तो फाइल चाळत राहिला. फाइलीत काय सापडणार? ते वहीत होतं, आणि वही तिच्याबरोबर गेली होती.

नंतर एका मंगळवारी, अकरा वाजता, फोन. "काका, मंगळवारवाली. गाडी आली का?"

"आली."

"वास न्हाई ना? काकूंना द्या."

माझ्या तोंडात आलं होतं, लातूरला गेली बहिणीकडं. तिनं आम्हाला एक खोटा गुरुवार दिला होता, मीबी एक परत दिला असता. पण इतक्या मंगळवारी जी 'न्हाई' म्हणायला कचरली नाही, तिला ते सांगवेना. जे झालं ते सांगितलं.  तिनं एवढंच विचारलं, "गुरुवारच्या आधी, का नंतर?"

"नंतर. बुधवारी लातूरला न्यायला जीप आली होती. तुझ्या गुरुवारपायी हिरा गेली न्हाई."

तुझी चूक नाही पोरी, असं म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. फोन तिनंच ठेवला.

पुढच्या मंगळवारी मी फोन जवळ घेऊन बसलो. वाजला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी, अकरा वाजता, मीच लावला. "पोरी, सांगण्यासारखं काही न्हाई. तरी फोन केला." आणि सुरू झालो. मॅनेजर, कंपनी, नारळ, मेसेज, तिचा गुरुवार, माझी अक्कल, कुणाला सोडलं नाही. ती मधे बोलली नाही. दम लागून थांबलो, तेव्हा हळूच आवाज आला, "झालं का काका बोलून?"

"न्हाई," म्हणालो. "पुढच्या मंगळवारी लाव."