पालथा माठ

आमच्या भेस्तानच्या देवळात उत्तम शुक्रवारी माठ पालथा घालायचं काम माझ्याकडे असतं. मी मालती, मंडळीची पंच, आणि तोंडाची तिखट. कुणालाही विचारा. त्या दिवशी तीन वाजेपर्यंत, म्हणजे प्रभूनं वधस्तंभावर प्राण सोडला त्या घटकेपर्यंत, आमच्यात कुणी पाण्याचा थेंब घेत नाही. मग बाहेर उन्हानं माणसं चक्कर येऊन पडताहेत अशा बातम्या टीव्हीवर का असेनात. कुणी कुरकुर केलीच तर मी म्हणते, "तुझ्यासाठी त्यानं केवढं सोसलं, आणि तुला एवढं जमेना होय रे?"

दुसरी रीत सात उद्गारांची. वधस्तंभावरून प्रभू जे सात वेळा बोलला, त्या एकेका बोलण्यावर आपल्यातलंच एकेक माणूस उभं राहून बोलतं. पाळकसाहेब नुसते ऐकत बसतात. कुणाला कोणता उद्गार, ते आधीच्या रविवारी चिठ्ठ्यांवर ठरतं. दानाच्या पिशवीत हात घालायचा, येईल तो आपला. यंदा मीराबाईच्या हाताला पाचवा आला. तहानेचा.

 "आग लागो त्या पिशवीला," असं देवळात उभं राहून माझ्या तोंडून गेलं.

मीरा माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. पारोळ्याकडून लग्न होऊन आली, तेव्हापासून घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापते. खोलीभर साड्या पसरलेल्या असतात, हिरव्या, निळ्या, जांभळ्या, आणि मधे ही ओढ्यात पाय सोडून बसल्यासारखी. कात्रीचा कुटकुट आवाज तेवढा येतो. नवरा भिवा डाइंग मिलमध्ये होता. उभा जन्म वाफेत गेला त्याचा. मग मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी बजावलं, पाणी मोजूनच द्या, जास्त झालं तर छातीत भरेल. मीरानं ते देववचनासारखं पाळलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भिवा सारखा म्हणत होता, "मीरा, घोटभर पानी दे ना वं." त्याच्या वाट्याचं दिवसाचं पाणी सकाळीच संपलेलं. तिनं ओलं फडकं ओठांना लावलं, म्हणाली, "सांजले देसू." सांज व्हायच्या आत तो गेला. मुलगा प्रमोद इच्छापोरला कंत्राटी कामावर होता. तो आला, त्यानं बापाचे सुकलेले ओठ पाहिले, कोपऱ्यातला माठ पाहिला आणि एकच बोलला, "भरलेला माठ घरात, आणि माझा बाप कोरडा गेला." त्यानंतर डबा घेण्यापलीकडे आईशी बोलणं नाही. देवळाची पायरी नाही. घरात तोंड उघडलंच तर हिंदीत, परक्यासारखं.

आणि मीरा? ती दुपारी साड्यांच्या ढिगावर मान टाकायची आणि तिला भिवा दिसायचा. गच्चीवर साड्या वाळत घातलेल्या, वाऱ्यानं फुगलेल्या, आणि त्यांच्या मधून तो हळूहळू चालत येतोय. कपाळावर मिलचा निळा रंग. ओठ हलताहेत, आवाज नाही. ही हात पुढे करते तर हातात नुसता साडीचा पदर. मग ती उशाशी पेला भरून ठेवायला लागली. जाग आली की बघायची, पाणी बोटभर खाली गेलेलं असायचं.

"आला होता गं," ती मला सांगायची, आणि तिचा चेहरा क्षणभर पोरीसारखा व्हायचा.

"ऊन पितंय ते, मीरा! शुद्धीवर ये!" मी खेकसायची. पण खरं सांगते, त्या खोलीत पडद्यातून गाळून येणाऱ्या उजेडात बसलं की मलाही वाटायचं, आत्ता कुणीतरी उठून गेलं इथून.

तर ती चिठ्ठी. मी तिला बाजूला घेतलं. "माझ्याकडे क्षमेची आलीये. तू ती घे, तहानेचं मी बघते. कुणाला कळतंय?"

"नको," ती म्हणाली. "देवानं बरोबर हात धरून दिलीये. शिक्षा म्हणूनच दिली असंल."

"शिक्षा कसली, डोंबलाची?" मी ओरडले. पण तिनं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली होती. मग मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसला उभ्या असलेल्या प्रमोदला मी चारचौघांत गाठलं. "तुझ्या आईला तहानेचा उद्गार आलाय. मेली तरी बोलणार ती. यायचं तर ये."

"मावशी, छुट्टी नहीं है. खाडा पडेगा," तो बसची वाट बघत म्हणाला.

शुक्रवार उजाडला तोच भाजत. काळ्या कापडानं झाकलेला वधस्तंभ, गरम हवा ढकलणारे पंखे, उपाशी माणसं. पहिला उद्गार माझा. काय बोलले देव जाणे. मग डोकं असं हलकं झालं की सगळी मंडळी पाण्याखाली बसल्यासारखी डुलायला लागली, बोलणाऱ्यांचे आवाज लांबून यायला लागले. चौथा कधी संपला तेही कळलं नाही.

मीरा उभी राहिली. पांढरी साडी, हातात कागद नाही.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "प्रभूला तहान लागली तेव्हा त्याची आई खालीच उभी होती. तिचा हात पोचला नसंल. वर चढून कोण देणार? माझा हात पोचत होता. माठ हाताशी होता. मला वाटलं, आज नाही दिलं तर उद्या जगंल. मी जगवायला बघत होते हो त्याला..." पुढं शब्द येईनात. ओठ नुसते हलत राहिले, तिच्या स्वप्नातल्या भिवासारखे. 

तेवढ्यात दारातून कुणीतरी आलं. कंपनीचा खाकी शर्ट, पाठीला सॅक. प्रमोद! कधीपासून उभा होता कोण जाणे. तो मधल्या वाटेनं सरळ पुढे गेला, सॅकमधून बाटली काढली, झाकण फिरवलं आणि आईच्या ओठांशी धरली.

"पी ले वं, माय," तो म्हणाला. त्याच्या बापाच्या बोलीत.

मीरानं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तीन वाजायला अवकाश होता. सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. मी मान डोलावली.

ती प्यायली. घटाघटा, डोळे मिटून, पाणी हनुवटीवरून पांढऱ्या साडीवर सांडत. प्रमोद तिचं डोकं छातीशी धरून हुंदके देत होता, आणि ती त्याच्या पाठीवर हात फिरवत एवढंच म्हणत होती, "हात पोचला रे, पोचला."

मी व्हरांड्यात गेले, पालथा माठ उचलून नळाखाली सरळ ठेवला आणि नळ सोडला.